एक पितळी कडे

छायाचित्रकाराच्या पिशवीतील सर्वांत स्वस्त वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी पितळेचे एक कडे पुढे करीन. त्याला काच नाही, भिंग नाही, कळ नाही. काळ्या रंगाने रंगविलेले ते कडे अनोळखी माणसाला एखाद्या लहान मुलीची बांगडीच वाटावे. त्याच्या एका अंगाला बाहेरून आटे पाडलेले असतात, दुसऱ्या अंगाला आतून. आणि दोन्ही आट्यांचे व्यास वेगवेगळे असतात. एवढीच त्याची करणी. बाजारात त्याला अ‍ॅडॉप्टर रिंग म्हणतात. अर्ध्या इंचाचा नळ पाऊण इंचाच्या नळाला जोडताना आपला प्लंबर जो ‘रिड्यूसर’ वापरतो, त्याचीच ही धाकटी बहीण.

कॅमेऱ्याच्या लेन्सकडे समोरून नीट पाहिले, तर काचेभोवतीच्या कडेला आतून बारीक आटे दिसतात. हे आटे फिल्टर बसविण्यासाठी असतात. फिल्टर म्हणजे गोल चौकटीत बसविलेली विशिष्ट गुणाची काच. नको असलेला प्रकाश अडवून हवा तेवढाच आत सोडणारी. ही चौकट लेन्सच्या आट्यांवर फिरवून बसवायची. अडचण येते ती इथेच. सगळ्या लेन्सची तोंडे सारखी नसतात. ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७, ८२ मिलीमीटर अशी त्यांच्या व्यासांची एक लांबलचक माळच आहे. आपल्या लेन्सचा व्यास तिच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो. शून्यावर तिरपी रेघ ओढल्यासारखे चिन्ह आणि त्यापुढे आकडा. ५८ च्या लेन्सवर ७७ चा फिल्टर ठेवला तर तो परातीसारखा नुसता टेकतो, धरत नाही. त्या दोघांच्या मध्ये ५८-७७ ची रिंग आली की मात्र तो घट्ट बसतो.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात आरेखक होतो. मिलीमीटर, व्यास आणि आटे यांच्यातच माझी नोकरी सरली. म्हणूनही या कड्यांविषयी मला अंमळ अधिक जिव्हाळा असेल. निवृत्तीनंतर मी द्वारकेत स्थायिक झालो. ही सौराष्ट्रातील समुद्रकाठची द्वारका नव्हे. दिल्लीच्या नैर्ऋत्येला, विमानतळाच्या शेजारी दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेले हे उपनगर. जुने लोक अजूनही त्याला पप्पनकलाँ म्हणतात. ३१ डिसेंबर २००५ रोजी इथवर मेट्रो आली आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत घर घेण्यासाठी माणसांची रीघ लागली. या इमारतींच्या आडोशाला मूळची गावे अजून आहेत. त्यांच्या अरुंद गल्ल्यांतून भाड्याच्या खोल्यांत राहणारी माणसेच या उपनगराची बरीचशी कामे करतात.

अशाच एका खोलीत लातूरकडचा एक तरुण राहत असे. द्वारकेतील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात आरतीची छायाचित्रे घेताना मी त्याला प्रथम पाहिले. दहावीनंतर त्याचे शिक्षण थांबले होते. लग्नसराईत तो एका स्टुडिओसाठी काम करी आणि एरवी घरांच्या दलालांना रिकाम्या सदनिकांची छायाचित्रे काढून देई. एका सदनिकेमागे ठरावीक पैसे. महिन्याचे भाडे आणि गावाकडे पाठवायची रक्कम त्यातूनच निघत असे.

२०१८ च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला तो चिंतेतच. संगणकावर त्याने चार-पाच छायाचित्रे उघडून दाखविली.

“काका, हे बघा. संगमरवराची फरशी आहे, पण फोटोत नुसते पांढरे पट्टे उमटतात. मालकाने एवढा खर्च केलेला. त्याची नक्षीच दिसत नाही. आणि या खिडकीतून मागची बाग दिसायला हवी, तर काचेत माझाच सदरा दिसतोय.”

“मग दलाल काय म्हणतो?”

“म्हणतो, पुढच्या आठवड्यात सहा फ्लॅट आहेत. तेही असेच आले तर दुसरा माणूस बघतो.”

त्याला काय हवे आहे हे त्याला ठाऊक होते: पोलरायझर. पण त्याच्याजवळ तीन लेन्स होत्या आणि तिघींची तोंडे वेगळी. कॅननची ५० मिलीमीटरची लहान लेन्स ४९ च्या व्यासाची, नेहमीची १८-५५ ही ५८ ची आणि खोल्यांसाठी घेतलेली १०-१८ ही रुंद कोनाची लेन्स ६७ ची. तिघींसाठी तीन चांगले फिल्टर घ्यायचे म्हटले, तर दोन महिन्यांचे भाडे त्यातच गेले असते. “एकच घेऊ का? कोणता घेऊ?” एवढे विचारण्यासाठी तो आला होता.

पोलरायझर काय करतो हे प्रथम सांगायला हवे. नाहीतर एवढ्या काळजीचे कारण कळणार नाही. दोरीचे एक टोक खांबाला बांधून दुसरे टोक हाताने हलविले की दोरीत लाट उठते. ही दोरी खिडकीच्या उभ्या गजांमधून ओवली, तर वर-खाली हलणारी लाट पलीकडे जाते. डावी-उजवीकडे हलणारी लाट गजांना आपटून तिथेच थांबते. प्रकाशाच्याही लाटा असतात आणि साध्या उजेडात त्या सर्व दिशांनी कंप पावत असतात. परंतु हाच उजेड पाणी, काच किंवा गुळगुळीत फरशी यांवरून तिरका परावर्तित झाला, की त्यातील बहुतेक लाटा एकाच पातळीत कंप पावू लागतात. पोलरायझर हे जणू अतिसूक्ष्म गजांचे दार आहे. त्याची काच चौकटीत गोल फिरविता येते. ती फिरवीत गेले की एका ठिकाणी फरशीवरची झळाळी एकाएकी विझते आणि खालची नक्षी वर येते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा जादूचाच खेळ वाटतो.

मात्र या खेळाला नियम आहेत. फरशीच्या पृष्ठभागाशी साधारण पस्तीस अंशांचा कोन करून पाहिले, तर हा परिणाम सर्वांत अधिक होतो. काचेच्या अगदी समोर उभे राहिले तर काहीच होत नाही. आपले प्रतिबिंब आपल्याकडे पाहत राहते. म्हणून खिडकीचे छायाचित्र घेताना तिरके उभे राहावे लागते. धातूची चकाकीही याने जात नाही. स्टीलचा नळ चकाकतच राहतो. शिवाय हा फिल्टर निम्म्याहून अधिक उजेड खातो, तेव्हा घरात तिपाई हवीच. हल्ली कोणी म्हणते, संगणकावर सगळे दुरुस्त करता येते. रंग बदलता येतील, उजेड वाढविता येईल. पण ज्या जागी झळाळीने फरशी झाकूनच टाकली, तिथली नक्षी कॅमेऱ्यात उतरलेलीच नसते. ती संगणक कुठून आणणार?

मी त्याला म्हटले, “एकच घे, पण सर्वांत मोठा घे. ७७ चा.”

“माझी एकही लेन्स ७७ ची नाही, काका!”

“म्हणूनच.”

यामागचा हिशेब साधा आहे. मोठा फिल्टर लहान लेन्सवर रिंगेने बसतो आणि लेन्सच्या वाटेत काहीही येत नाही. लहान फिल्टर मोठ्या लेन्सवर बसविण्याचीही रिंग मिळते. पण मग चित्राचे चारही कोपरे काळवंडण्याची भीती असते. रुंद कोनाच्या लेन्सवर तर ते ठरलेलेच. दाराच्या चौकटीपेक्षा खिडकीची चौकट लहान असते, मग खिडकीतून दाराएवढे कसे दिसणार? त्याची सर्वांत मोठी लेन्स ६७ ची होती. ६७ चा फिल्टर घेतला असता तरी भागले असते. पण रुंद कोनाच्या लेन्सला फिल्टरची जाड चौकटसुद्धा कोपऱ्यात खुपते आणि पुढेमागे याहून मोठी लेन्स आली तर सारा खर्च पुन्हा करावा लागतो. ७७ चा एक फिल्टर आणि ४९-७७, ५८-७७, ६७-७७ अशा तीन रिंगा. एका फिल्टरच्या पैशांपुढे तीन रिंगांचे पैसे म्हणजे भाजीवरच्या कोथिंबिरीसारखे.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे चांदणी चौकात गेलो. निळ्या मार्गावरून राजीव चौक आणि तिथून पिवळ्या मार्गाने चांदणी चौक. लाल किल्ल्याच्या बाजूला कुचा चौधरी नावाची गल्ली आहे. कॅमेऱ्याचा व्यवसाय करणाऱ्या दिल्लीकराला तिचे नाव सांगावे लागत नाही. खांद्याला खांदा घासत चालावे लागेल इतकी ती अरुंद, आणि दोन्ही बाजूंना लेन्स, दिवे, पडदे, तिपाया यांची दुकाने. रिंगा मिळाल्या त्या मात्र काचेच्या कपाटात नव्हे, तर दुकानाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात.

दुकानदाराने विचारले, “कौन सी कंपनी का कैमरा है?” रिंगेला कंपनी नसते, असे मी त्याला सांगितले. खरोखरच नसते. बहुतेक लेन्सच्या तोंडावरील आट्यांचा अंतरमेळ ०.७५ मिलीमीटर असतो. म्हणूनच जपानातली लेन्स, जर्मनीतला फिल्टर आणि मधली कोणत्याही देशातली रिंग एकमेकांत विनातक्रार गुंफली जातात. लेन्सच्या मागच्या बाजूची गोष्ट निराळी. तिथे प्रत्येक कंपनीने आपापला खटका ठेवला आहे आणि एकीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर सरळ बसत नाही. पुढच्या बाजूला मात्र हे प्रतिस्पर्धी एका अंतरावर एकमत झालेले दिसतात.

रिंग निवडताना मी दोन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे तिच्यावरचे आकडे. ५८-७७ असे लिहिलेले असेल, तर पहिला आकडा लेन्सचा आणि दुसरा फिल्टरचा. ७७-५८ ही अगदी उलट कामाची वस्तू. दुसरी गोष्ट धातूची. अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा स्वस्त आणि हलक्या असतात. पण अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम घट्ट फिरविले की दोन्ही एकमेकांना चावून बसतात. पितळेची रिंग जड असते, चार पैसे अधिक पडतात, पण ती सहसा अडकत नाही. मी पितळेचाच आग्रह धरला.

रिंग बसविण्याचीही एक रीत आहे. आटे इतके बारीक असतात की जरा तिरके लागले तरी एकात दुसरा चढतो आणि लेन्सचे तोंड कायमचे खराब होते. म्हणून आधी रिंग टेकवून उलट्या दिशेने हलकेच फिरवावी. आट्याची सुरुवात आट्याच्या सुरुवातीशी आली की बोटांना एक बारीकसा ‘टक्’ जाणवतो. मग सुलट फिरवावे. जोर लावू नये. एका बोटाने फिरत नसेल तर काही तरी चुकले आहे असे समजावे. ही रीत मी त्याला दुकानातच शिकविली. गल्लीत पाणी विकणारा पोरगाही घटकाभर थांबून ती पाहत होता.

पुढच्या आठवड्यातील सहा सदनिकांचे काम त्याच्याकडेच राहिले. फरशीची नक्षी, खिडकीमागची बाग, काचेच्या मेजावरची फुलदाणी सारे स्वच्छ आले होते. दलालाने कौतुक केले नाही. दलाल कौतुक करीत नसतात. त्याने आणखी चार पत्ते पाठविले.

एकदा मात्र तो घाबराघुबरा होऊन आला. घाईत बसविलेला फिल्टर रिंगेत असा रुतला होता की निघेना. आणि त्याच्या हातात पक्कड होती. मी ती आधी काढून घेतली. अडकलेली रिंग दोन बाजूंनी चिमटीत धरली की वर्तुळ किंचित लंबगोल होते आणि आटे अधिकच घट्ट बसतात. जितका जोर जास्त, तितकी पकड जास्त. दाब सगळ्या घेरावर सारखा पडायला हवा. घरात रबरी तळाची एक चप्पल होती. तिचा तळ धुऊन पुसून घेतला, फिल्टरची चौकट तिच्यावर पालथी टेकविली, वरून रिंग तळहाताने सारखी दाबली आणि डावीकडे फिरविली. एका झटक्यात दोन्ही सुटे झाले. याच कामासाठी रुंद रबरी पट्टा घेरावर चढविला तरी चालतो. ती चप्पल आमच्याकडे पुढे बरेच दिवस कपाटात, कॅमेऱ्याच्या शेजारी ठेवलेली असे. घरातल्या मंडळींना ते पसंत नव्हते.

या कड्यांची कूळकथा जुनी आहे. पूर्वी लेन्सच्या नळीला आटे असतीलच असे नव्हते. फिल्टर नुसता टोपणासारखा दाबून बसवीत. पुढे फिल्टरचे काही ठरावीक आकार रूढ झाले. त्यांना ‘सीरिज’ म्हणत. आटे नसलेली नुसती गोल काच एका कड्यात ठेवून दुसऱ्या कड्याने आवळायची. लेन्स बदलली की लेन्सच्या बाजूचे कडे तेवढे बदलायचे. म्हणजे तेव्हाही एकाच काचेवर अनेक लेन्सचा संसार चालत असे. काही कॅमेऱ्यांची तऱ्हाच न्यारी. होमाई व्यारावाला या १९४२ मध्ये दिल्लीत आल्या आणि पुढे तीन दशके त्यांनी राजधानीची छायाचित्रे टिपली. त्या वापरीत असलेल्या रोलीफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यावर फिल्टर आट्यांनी नव्हे, तर खटक्याने बसत असे. मग निकॉनने आपल्या पुष्कळशा लेन्स ५२ च्या आणि ऑलिंपसने ४९ च्या तोंडाच्या ठेवल्या. ग्राहकावर तो मोठाच उपकार होता. झूम लेन्सचा काळ आला आणि तोंडांचे आकार पुन्हा पांगले. १९७८ मध्ये फ्रान्समधील जाँ कोकँ यांनी चौकोनी फिल्टरांची ‘कोकिन’ पद्धत आणली. तिच्यातही फिल्टर एका खाचेत सरकवायचा असतो आणि ती खाच लेन्सवर धरून ठेवते ते पुन्हा आपले हे कडेच.

माझ्याकडे फिल्मच्या दिवसांतील एक पिवळा फिल्टर आहे, ५२ चा. कृष्णधवल चित्रात तो आकाश थोडे गडद करी आणि ढग उठून दिसत. त्या तरुणाने उत्साहाने ४९-५२ ची रिंग आणून तो आपल्या लेन्सवर चढविला. बसला छान, उपयोग मात्र काही झाला नाही, कारण हे काम आता संगणक बसल्या जागी करतो. रिंग दोन वस्तू जोडून देते. त्या जोडण्याजोग्या आहेत की नाहीत, हे तिला विचारून उपयोग नाही.

रिंगेपायी काही सोयी गमवाव्याही लागतात. ५८ च्या लेन्सवर ७७ चा फिल्टर लावला की त्या लेन्सचे ऊन अडविणारे आवरण वर बसत नाही. झाकणही ७७ चे लागते. एकावर एक तीन-चार रिंगा चढवून आकार जुळविणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या चित्रांचे कोपरे हमखास काळे येतात. काही जुन्या लेन्सचे तोंड फोकस करताना स्वतःच गोल फिरते. तिथे आधी फोकस आणि मग पोलरायझर हा क्रम पाळावा लागतो.

या रिंगांचा मोठा कस लागला तो २१ जून २०२० रोजी. त्या दिवशी सूर्यग्रहण होते. कुरुक्षेत्र, सिरसा, डेहराडून या पट्ट्यात ते कंकणाकृती दिसणार होते. दिल्लीत खंडग्रास, पण सूर्यबिंबाचा सुमारे ९४ टक्के भाग झाकला जाणार होता. आदल्या वर्षी २६ डिसेंबरच्या ग्रहणासाठी मी ७७ चा एक सौर फिल्टर घेतला होता. तो प्रकाशाचा जेमतेम एक लाखावा भाग आत सोडतो. त्या सकाळी दिल्लीचे आभाळ भरलेले होते आणि फिल्टर डबीतच राहिला. आता माझ्याकडे फिल्टर होता. त्या तरुणाने नुकतीच घेतलेली ५५-२५० ही लांब पल्ल्याची लेन्स होती. तिचे तोंड ५८ चे. सदनिकांसाठी आणलेली ५८-७७ ची रिंग तिला आयतीच चालली.

महासाथीचे दिवस. टाळेबंदी नुकतीच सैल झाली होती. लग्ने थांबलेली, घरांचे व्यवहार थांबलेले. त्या तरुणाला तीन महिने काम नव्हते. गच्चीवर आम्ही पाच-सहा माणसे, तोंडाला मुखपट्ट्या बांधून, एकमेकांपासून लांब लांब उभे होतो. एका शेजाऱ्याने क्ष-किरणाची जुनी फिल्म लेन्सवर चिकटपट्टीने लावायला आणली होती. ती मी लावू दिली नाही. अशा फिल्ममधून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण आत जातात. दुर्बिणीतून किंवा लेन्समधून एकवटलेला सूर्य क्षणार्धात दृष्टिपटल जाळू शकतो, आणि जळताना दुखतही नाही. पोलरायझर किंवा नेहमीचा काळसर फिल्टरही या कामाचा नव्हे. शिवाय चिकटपट्टीचा भरवसा काय? जूनच्या वाऱ्याने तिचे एक टोक उचलले तर पाहणाऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही. इथे आट्यांची किंमत कळते. पितळी कड्याचे तीन-चार फेरे बसले की वारा त्याचे काही करू शकत नाही.

आम्ही कॅमेरा सूर्याकडे पाठ करून उभा केला. रिंग बसविली. तिच्यावर सौर फिल्टर बसविला. दोन्ही मी स्वतः ओढून पाहिले. मगच तो आभाळाकडे वळविला. कॅमेऱ्याच्या डोळ्यातून कोणीही पाहायचे नाही, फक्त मागच्या पडद्यावर पाहायचे, असे मी दोनदा बजावले. ढग येत-जात होते. बाराच्या सुमारास ऊन एकदम फिके, चांदण्यासारखे झाले आणि पडद्यावर नारिंगी रंगाची एक बारीक कोर उभी राहिली. खाली कडुनिंबाच्या सावलीत, पानांच्या फटींतून पडलेले उन्हाचे कवडसेही कोरीच्या आकाराचे झाले होते. ते पाहायला मात्र कशाचीच गरज नव्हती. पोरांना ते कॅमेऱ्यापेक्षा अधिक आवडले.

त्या कोरीचे एक छायाचित्र त्याने मोठे करून आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर लावले. फलकाखाली त्याचा दूरध्वनी क्रमांकही होता. पावसाळ्यात घरे पुन्हा विकली जाऊ लागली, तेव्हा दलालांना मधे न घेता तीन घरमालकांनी त्याला थेट बोलाविले.

नंतर त्याने ७२ च्या तोंडाची एक जुनी, वापरलेली लेन्स घेतली. त्यासाठी तो कुचा चौधरीत एकटाच गेला होता. तिथे काय झाले ते त्याने मला परत आल्यावर सांगितले. दुकानदाराने नेहमीप्रमाणे विचारले, कोणत्या कंपनीचा कॅमेरा? याने “बहात्तर-सत्याहत्तर, पितळेची” एवढेच सांगितले आणि डब्यातली रिंग उलटीसुलटी फिरवून, कानाजवळ धरून ‘टक्’ ऐकली, मग पैसे दिले.